तसबिरींना वर्तमान

आमच्या वाचनालयात देशाचे पाच थोर पुढारी आहेत आणि त्यांतला कोण कोणता, हे कुणालाही सांगता येत नाही.

हे मी विनोदाने म्हणत नाही. रत्नागिरीतल्या एका दैनिकात चाळीस वर्षं दर रविवारी मी विनोद केला, आता निवृत्त आहे. देश स्वतंत्र झाला तेव्हा वाचनालयाच्या संस्थापकांनी ठरवलं की सभागृहात नव्या देशाच्या पहिल्या पाच पुढाऱ्यांच्या तसबिरी हव्यात. काम गंगाराम पेंटरकडे गेलं. गंगारामचा हात मिरकरवाड्यातल्या होड्यांवर नावं रंगवून बसलेला. पुढारी त्याने पाहिलेले नव्हते, आणि वर्तमानपत्रातले फोटो म्हणजे नुसते ठिपके. मग त्याने हाताशी होते ते चेहरे घेतले. मासळीचा लिलाव पुकारणारा एक, पोस्टमन एक, त्याचा सासरा, शेजारी, आणि पाचवा म्हणे तो स्वतःच. अंगात खादी घातली, डोळ्यांत दूरदृष्टी भरली आणि खाली नावांच्या पितळी पट्ट्या ठोकल्या. पुढे एका रंगकामात पट्ट्या उतरवल्या गेल्या. परत लावताना कुठली कुणाखाली यावर वाद झाला. तो अजून चालू आहे. त्यासाठी एक समिती आहे, तिचे दोन अध्यक्ष वारले.

तर या पाच जणांना दर वर्षी वर्तमान सांगायचा आमच्याकडे रिवाज आहे.

बाहेरच्यांना हे विचित्र वाटतं, आम्हाला वाटत नाही. कोकणात देवालाही सगळं सांगावं लागतं. गावकार देवळात उभा राहून गाऱ्हाणं घालतो, अमक्याची होडी बुडाली, तमक्याच्या पोरीचं लग्न ठरत नाही, सांभाळ कर. प्रत्येक वाक्याला मागची माणसं म्हणतात, 'व्हय म्हाराजा.' संस्थापक याच गावचे. त्यांनी विचार केला की देवाला सांगावं लागतं, तर पुढाऱ्यांना का नको? देश त्यांनी उभा केला, पुढे काय झालं ते त्यांना कळायला हवं. म्हणून प्रजासत्ताक दिनाच्या आधीच्या दोन दुपारी एकाने तसबिरींसमोर बसायचं आणि जगात नवीन काय आलं ते समजावून सांगायचं. मागे दाराशी एक माणूस 'व्हय म्हाराजा' म्हणायला.

बावीस वर्षं हे काम मिरकरवाड्याच्या दादूने केलं. दोन वर्षांपूर्वी त्याने सोडलं. म्हातारपण, असं सगळे म्हणाले. दोन वर्षं कुणीच बसलं नाही. यंदा सगुणा माझ्याकडे आली. सगुणा म्हणजे आमची ग्रंथपाल, पन्नाशीची, पुस्तक उशिरा परत करणाऱ्याकडे अशी बघते की माणूस पुढचं पुस्तक न नेताच घरी जातो. म्हणाली, अण्णा, तुम्ही आयुष्यभर पुढाऱ्यांना बोललात, आता समोर बसून बोला.

मी हसत हो म्हटलं. तिने एकच नियम सांगितला, तो सांगताना ती हसत नव्हती.

"वस्तू सांगायच्या, अण्णा. जित्या माणसाचं नाव घ्यायचं नाय."

हे मला शिकवायची गरज नव्हती. गाऱ्हाण्यात ज्याचं नाव घेतलं तो देवाच्या पायावर घातला, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. पण हे काय देऊळ आहे का, असं मी मनात म्हटलं.

चोवीस जानेवारीला दुपारी दोन वाजता मी जाऊन बसलो. रत्नागिरीत दोन ते चार कुणी मरतसुद्धा नाही, सगळे झोपलेले असतात. जांभ्याच्या भिंतींना थंडावा होता. खिडकीतून उन्हाचा एक पट्टा जमिनीवर पडलेला. खालून बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्याची घरघर येत होती, तीही पेंगुळलेली. पाच जण समोर. माझी पाठ दाराकडे, दाराशी सगुणाची खुर्ची.

मी मोबाईल निवडला. त्यांना म्हटलं, आपण गेल्यापासून पुष्कळ काही झालं, पण लोक हल्ली बघतात ते याच्याकडेच, तेव्हा इथून सुरुवात करतो. हे एक यंत्र आहे. यात तार नाही, तरी आवाज येतो. यात नकाशा आहे, दुकान आहे, भांडण आहे.

"व्हय म्हाराजा," मागून आलं.

मला चेव चढला. श्रोता मिळाला की माझं असं होतं. मी टॉवर सांगितला, उपग्रह सांगितला. मग चेहरा कसा दिसतो ते सांगायची वेळ आली, आणि उदाहरणाशिवाय मला कधी काही सांगता आलेलं नाही. म्हटलं, समजा माझी नात ईशा. ती शिकायला मुंबईला आहे. मी इथे अंगणात बसतो, ती तिथे वसतिगृहात, आणि ही बघा, अशी दिसते. तिचा फोटो लावून मी फोन त्यांच्यासमोर धरला. डावीकडून उजवीकडे, प्रत्येकापुढे थोडा थोडा वेळ, लग्नासाठी मुलीचा फोटो दाखवतात तसा.

"व्हय म्हाराजा."

या वेळी आवाज जरा जड वाटला. एकाच्या आवाजावर दुसऱ्याचा आवाज ठेवावा तसा. हवेत तेलरंगाचा वास होता, ओल्या रंगाचा.

संपवून मी वळलो. खुर्ची रिकामी होती. बाहेर आलो तर सगुणा विहिरीवर डबा धूत होती. म्हणाली, मी मघाशीच आले जेवायला, तुम्ही सुरुवात केलीत तेव्हाच. तुम्हाला सांगून आले की. मी म्हटलं, मग व्हय म्हाराजा कोण म्हणत होतं? ती डबा धूत राहिली. मग तिने विचारलं, "नाव घेतलंत काय?"

चष्मा विसरला म्हणून मी परत आत गेलो. टेबलावर चष्म्याखाली एक मागणीची चिठ्ठी होती, वाचक पुस्तकाचं नाव लिहून देतात तशी. शाई ओली होती. अक्षर जुन्या वळणाचं, स्वच्छ, घाई नसलेलं.

'यंत्र कळले. आत दिसते ती ईशा म्हणजे काय, हे उद्या सांगावे.'

चाळीस वर्षांत मला निनावी पत्रं पुष्कळ आली. त्यांत शिव्या असत. शिव्यांना मी कधी भ्यालो नाही.

ईशाबद्दल सांगायला हवं. माझा मुलगा हर्षद बोटीवर असतो, वर्षाचे नऊ महिने. सून दुबईला, सुटीत तोही तिथेच जातो. ईशा तीन वर्षांची होती तेव्हापासून माझ्याकडे वाढली. माझी बायको गेल्यावर त्या घरात आम्ही दोघंच, एक म्हातारा आणि एक वाद घालणारी मुलगी. बांगडा असा खाते की मांजर ताटाकडे बघून निघून जातं. भाट्याच्या समुद्रात सरळ आत जाते. माझा लेख वाचून हसायची, आणि मग सांगायची की शेवटचा परिच्छेद काढा, तो तुम्ही स्वतःसाठी लिहिलाय. दर वेळी तिचं बरोबर असे. सव्वीसला दुपारच्या गाडीने ती यायची होती.

त्या संध्याकाळी अंगणात बसलो असताना टेबलावर काहीतरी थरथरायला लागलं.

फोन होता. त्याला फोन म्हणतात हे मला आठवत होतं. तो मी रोज वापरतो हेही आठवत होतं. पण त्याचं करायचं काय, ते डोक्यात शिरेना. काचेच्या मागे ईशाचा चेहरा उजळला होता. मी बोट लावलं असावं, कारण ती हलायला लागली, ओठ हलवायला लागली, आतून आवाजही आला. मला एवढंच समजलं की पोरगी त्या काचेत कोंडली आहे. मी हाका मारल्या. काच नखाने उचकटायला गेलो. मग ती अंधारली.

मी तो फोन टॉवेलात गुंडाळून ठेवला. रात्रभर त्याच्याकडे पाठ करून झोपलो.

सकाळी मिरकरवाड्यात दादूकडे गेलो. रिक्षा थांबवताना मला धाकधूक होती, पण रिक्षा समजत होती. दादू ओट्यावर जाळं विणत बसलेला. ऐंशी वर्षांचा, बोटं मात्र सुईपेक्षा चपळ. त्याच्या सुनेने मला आत बोलावलं आणि हळूच सांगितलं की पंखा लावू नका, ते घाबरतात. टीव्हीवर पंचा टाकलेला होता. फ्रिज उघडला की बाबा बाहेर जातात म्हणाली. डॉक्टर म्हणाले वयाने होतं. तिने हेही सांगितलं की जाळं, होडी, वारा, मासा, यातलं बाबा काहीच विसरलेले नाहीत.

दादूने माझं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही हात थांबला नाही.

"जी वस्तू समजावली ती त्यांची झाली," तो म्हणाला. "आपल्याकडं राहात नाय. मी दर वर्साला दोन वस्तू दिल्या. माझी हरकत नाय, मोठी माणसं, त्यांना हौस हाय. पण मी माणूस कधी दिला नाय."

मी विचारलं, आज गेलोच नाही तर?

आता हात थांबला.

"पयल्या वर्साला मी बोटीच्या नव्या इंजिनाचं नाव घेतलं. समजवायला जमेना. उठलो नि घरी आलो." त्याने बंदराकडे हनुवटी उडवली. "मग ते इंजिनालाच इचारायला गेले."

"आणि?"

"हाय की अजून. मुंबयचे मिस्त्री येऊन गेले. सगळं जाग्यावर हाय म्हणतात, डिझेल जातंय, दाब धरतोय. पण आपण इंजिन हाय, ह्ये त्याला ठाव नाय."

दादूची सून चहा घेऊन आली होती. ती तशीच उभी राहिली.

येताना मी धक्क्यावर गेलो. जाळ्यांच्या ढिगामागे ते इंजिन होतं, हिरव्या रंगाचं, गंज नसलेलं. कुणीतरी त्यावर सुकट वाळत घातली होती. मी त्याला हात लावला नाही.

आता माझ्यापुढे दोनच गोष्टी होत्या. ईशा म्हणजे काय ते मी त्यांना सांगावं, आणि उद्या स्टेशनवर ती उतरेल तेव्हा काचेतल्या चेहऱ्याकडे पाहिलं तसं तिच्याकडे पाहावं. किंवा गप्प राहावं, म्हणजे ते तिलाच विचारतील.

तिला येऊ नको म्हणून कळवायला मी सगुणाकडे धावलो. फोन तिने लावला, तिच्याच फोनवरून. मी दूर उभा राहिलो. सगुणा बोलली, ऐकत राहिली, मग फोन खाली केला. ईशा पोट धरून हसत होती म्हणे. अण्णांना सांगा, विनोद जुना झाला, तिकीट काढलंय, बांगडे आणून ठेवा.

चाळीस वर्षं मी लोकांना सवय लावली होती, माझं बोलणं खरं धरायचं नाही.

आणि तिथेच मला युक्ती सुचली.

ईशा द्यायचीच असेल, तर खोटी देऊ. नाही तरी आयुष्यभर मी माणसांची खोटी चित्रंच काढली होती, आणि लोक ती ओळखीची म्हणून कापून ठेवत. या पाच जणांना काय कळणार? त्यांचे तर चेहरेसुद्धा उसने.

दोन वाजता बसलो. सगुणा या वेळी दाराशी खरोखर बसली होती, मी दोनदा वळून खात्री केली. ऊन जमिनीवर कालच्याच जागी होतं. बर्फाच्या कारखान्याची घरघर आज नव्हती.

मी सुरुवात केली. म्हटलं, ईशा ही फार शांत मुलगी आहे. डावखुरी आहे. मासे शिवत नाही. समुद्राला भिते, लाट दिसली की डोळे मिटते. मोठ्यांना उलट बोलत नाही. आजोबांचं लेखन तिने वाचलेलं नाही. आवडता रंग पिवळा, गळा गोड, देवाला दोन वेळा दिवा लावते.

सगुणाने व्हय म्हाराजा म्हटलं नाही. इतर कुणीही म्हटलं नाही.

मी आणखी सांगितलं. शब्द सुचत गेले. त्या मुलीला मी एक तीळ दिला, एक मैत्रीण दिली, लहानपणी एकदा ताप दिला. माझ्या आजवरच्या कामात ते सर्वांत बारकाईचं असेल. बोलता बोलता मी त्यांच्या डोळ्यांकडे बघायचं टाळत होतो. शेवटी पाहिलं.

पाचही जण ऐकत होते. चेहऱ्यांवर राग नव्हता. परीक्षेत कॉपी करणाऱ्या हुशार मुलाकडे म्हातारे मास्तर बघतात, तसं बघत होते.

मी वळलो. सगुणा खुर्चीत होती, तोंडावर पदर दाबून. म्हणाली, अण्णा, माझं तोंडच उघडेना.

टेबलावर चिठ्ठी होती.

'आभारी आहोत. आपण अधिक तसदी घेऊ नये.'

मी ती तीनदा वाचली. फसले, असं मला वाटलं. खरंच वाटलं. संपादकाने लेख न वाचता छापावा, तसा मोठा आनंद झाला. घरी येताना मी ईशाला आठवून पाहिलं. तिचं हसणं, तिचे पाय, तिचं 'शेवटचा परिच्छेद काढा'. सगळं जागच्या जागी होतं. तिला मी वाचवली होती. मी बाजारातून बांगडे आणले.

सव्वीसला दुपारी गाडी वीस मिनिटं उशिरा आली.

ईशा सहाव्या डब्यातून उतरली. तीच. उजव्या हातात निळी बॅग, केस वाऱ्यावर. मी लांबूनच ओळखली, आणि ओळखता आली म्हणून माझे डोळे भरले. मी हाक मारली.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

पुन्हा हाक मारली. ती माझ्या शेजारून गेली, बाकावर बसली, बॅग पायाशी ठेवली. मी जाऊन तिच्याजवळ बसलो. तिने हसून जरा सरकून जागा दिली, अनोळखी म्हाताऱ्याला देतात तशी.

मी म्हटलं, प्रवास कसा झाला?

"छान झाला, काका," ती म्हणाली.

ती मला जन्मात काका म्हणाली नव्हती.

"पनवेलपासून सोबत होती. पाच आजोबा होते. जुन्या वळणाचे, खादीतले. एकेक करून इतकं नीट विचारत होते. हल्ली असं कोण विचारतं?"

"काय विचारत होते?"

"ईशा म्हणून एक मुलगी आहे, तिच्याबद्दल. त्यांना कुणीतरी चुकीचं सांगितलं होतं. डावखुरी काय, समुद्राला भिते काय." तिला हसू आलं. हसणं तिचंच होतं. "मी सगळं बरोबर करून दिलं. अगदी लहानपणापासून. चिपळूण कधी गेलं कळलं नाही. शेवटी त्यांनी माझे आभार मानले, आता पूर्ण समजलं म्हणाले."

गाडी हलली. डबे समोरून जात राहिले. खिडक्यांमधून मला कुणी दिसलं नाही, किंवा मी पाहिलं नाही.

मी विचारलं, "आणि तू?"

तिने माझ्याकडे पाहिलं. प्रश्न समजावून घ्यायचा तिने मनापासून प्रयत्न केला. कपाळावर आठी आली, मग विरून गेली.

फलाट रिकामा झाला. ती वाकली, पायाजवळची बॅग तिने वळवली आणि तिच्या मुठीला बांधलेली नाव-पत्त्याची चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली.

"काका, ही कुणाची तरी बॅग माझ्याकडे राहिली आहे," ती म्हणाली. "बरं झालं, पत्ता आहे वर. इथलाच आहे. तुम्हाला घर माहीत असेल तर येता का माझ्याबरोबर? तिच्या घरी कुणीतरी वाट बघत असेल."